कडीकोयंड्याचा दावा

मावशीची मुदतठेव मोडायची होती, म्हणून शुभांगी मंडलिक तिच्या सोबतीला पिंपळगाव बसवंतला गेली. २००४ सालचा मार्च. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता आणि टेम्पोंची रांग हायवेला लागली होती. पतसंस्थेत काउंटरमागे संतोष नावाचा कारकून कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकत असताना लाइट क्षणभर फडफडली. स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली. लिपी इंग्रजी, पण भाषा मराठी. ‘कडी लागली नाही.’

शुभांगीने काचेच्या फटीतून वाकून ती पुन्हा वाचली.

“हे काय आलं?”

“काय नाय मॅडम. लाइन डिस्टर्ब झाली की येतं असं. परत पासवर्ड टाकला की चालू होतं.”

“सॉफ्टवेअर कुणाचं आहे?”

“अभेद्य सिस्टिम्स. मुंबईची कंपनी हाय. आपल्या भागात लय पतसंस्थांनी त्यांचंच बसवलंय.”

शुभांगीने मावशीला सहीची जागा दाखवली. ती ओळ तिची होती. नाशिकजवळ मखमलाबादच्या घरात, खाली तिचे वडील, अण्णा, शेवंतीच्या जुड्या बांधत असताना, माडीवरच्या खोलीत तिने ती लिहिली होती.

तेव्हा, म्हणजे २००१ मध्ये, ती नुकतीच शिकून बाहेर पडली होती आणि कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. कुणी पासवर्ड टाकला की तो खरा की खोटा हे तपासणारा आणि आतल्या माहितीला पहारा देणारा एक प्रोग्रॅम तिने फावल्या वेळात तयार केला. नाव ठेवलं कडीकोयंडा. विकायचा विचार तिच्या मनात आला नाही. ती स्वतः जे शिकली होती, ते जगातल्या अनोळखी माणसांनी उघडं ठेवलेले प्रोग्रॅम वाचून शिकली होती. म्हणून तिनेही आपला सगळा कोड इंटरनेटवर ठेवला. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, हवं तर विकावा. अटी दोनच. ज्यांनी लिहिला त्यांची नावं पुसायची नाहीत. आणि बदल करून दुसऱ्याला दिलात, तर तो बदललेला कोडही त्याला असाच उघडा द्यायचा.

वर्षभराने तोमाश नावाच्या एका माणसाचं पत्र ईमेलवर आलं. तो प्रागमध्ये राहत होता. त्याने लिहिलं होतं, तुमच्या कडीत एक खोट आहे. पासवर्डच्या जागी कुणी लांबच लांब अक्षरं टाकत राहिलं, तर प्रोग्रॅम गोंधळतो आणि दार उघडून देतो. सोबत त्याने दुरुस्तीही पाठवली होती. आणखी एक विनंती होती: तुमचा तो संदेश आमच्याकडे कुणाला कळत नाही, इंग्रजीत करू का? शुभांगीने कळवलं, तूच कर. त्याने केला. ‘लॅच हॅव नॉट क्लोज.’ इंग्रजी मोडकं होतं, पण तिला गंमत वाटली आणि तिने ते तसंच राहू दिलं. तेव्हापासून कडीकोयंड्यावर दोघांची नावं होती.

म्हणजे पिंपळगावच्या त्या स्क्रीनवर मराठी ओळ दिसली याचा एक अर्थ असा होता, की अभेद्यने तिचा प्रोग्रॅम नावं पुसून उचलला होता. दुसरा अर्थ जास्त वाईट होता. त्यांनी तो तोमाशच्या दुरुस्तीआधीच उचलला होता. इतक्या सगळ्या पतसंस्थांमधली कडी अजून सैल होती.

तिने कंपनीला साधं पत्र लिहिलं. तुम्ही आमचा प्रोग्रॅम वापरता याचा आनंद आहे, फक्त नावं ठेवा, कोड उघडा करा आणि दुरुस्ती ताबडतोब बसवा. उत्तर नाही. दुसरं पत्र लिहिलं, त्यात खोट नीट समजावून सांगितली. या पत्राला उत्तर आलं, पण ते वकिलाचं होतं. तुम्ही आमच्या अशिलाच्या मालकीचा गोपनीय सुरक्षा प्रोग्रॅम चोरून इंटरनेटवर टाकला आहे, तो तत्काळ काढा, लेखी माफी मागा, अन्यथा कारवाई होईल.

त्याच नोटिशीची एक प्रत क्लासच्या मालकांनाही गेली. त्यांनी शुभांगीला केबिनमध्ये बोलावलं.

“माफी मागून मोकळी हो,” ते म्हणाले. “कुठे मोठ्या कंपनीच्या नादी लागतेस?”

“सर, माझ्याच वस्तूच्या चोरीची माफी मी मागू?”

“तुझी वस्तू म्हणतेस, पण फुकट वाटलीस ना तू?”

“वाटली. नाव पुसायला नव्हती दिली.”

मालकांनी पेपरवेट इकडचा तिकडे केला. क्लासचं नाव खराब होईल, पालक विचारतील, असं बरंच काही ते बोलले. शेवटी म्हणाले, हे मिटेपर्यंत येऊ नकोस. शुभांगीने फळ्यावरचा आपला अर्धा राहिलेला धडा पुसला आणि स्कूटी काढली.

घरी तिने अण्णांना सगळं सांगितलं. सहादू मंडलिक पहाटे फुलबाजार आणि दुपारनंतर भाजीचा वाफा एवढ्यात रमलेला माणूस. प्रोग्रॅम म्हणजे काय हे त्यांना कधी कळलं नव्हतं आणि कळल्याचं सोंगही ते आणत नसत.

“तू लिहिलंय ना? खरं सांग,” त्यांनी विचारलं.

“मी आणि तोमाशने. दुसऱ्या कुणी नाही.”

“मग माफी कशाची मागायची? मागितली तर चोरी केली असंच होईल की.”

आई झुंबरबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “पण पोरीच्या लग्नाचं बघायचंय. कोर्टात नाव गेलं तर लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे,” शुभांगी म्हणाली. “चोर म्हणण्यापेक्षा भांडखोर म्हटलेलं चालेल मला.”

झुंबरबाईने भाकरी जरा जोरातच थापली. पण पुढे त्या विषयावर तिने लेकीला एकदाही अडवलं नाही.

अ‍ॅडव्होकेट लताबाई गायधनी यांचं ऑफिस जुन्या सीबीएस बसस्टँडजवळ होतं. पन्नाशीच्या बाई, जमिनीच्या आणि वाटण्यांच्या दाव्यांत सगळी हयात गेलेली. कॉम्प्युटरचा दावा घ्यायला दोन वकिलांनी नकार दिल्यावर शुभांगी त्यांच्याकडे आली. लताबाईंनी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकलं, मधेमधे आडवे प्रश्न विचारले, आणि मग विचारलं, “तुझ्या वडिलांच्या शेतातून लोकांची वाट जाते?”

“हो ताई. मागच्या वस्तीवरचे सगळे आमच्या बांधावरून जातात.”

“त्यांच्याकडून काही घेता?”

“छे. जायला काय घ्यायचं?”

“आणि उद्या त्यातल्या एकाने त्या वाटेवर फाटक बसवलं, वर स्वतःची पाटी लावली आणि तुझ्या वडिलांनाच म्हणाला, तुम्ही आमच्या जमिनीत घुसलात, तर?”

शुभांगी हसली. नोटीस आल्यापासून पहिल्यांदाच.

“तर मग कळलं मला तुझं भांडण,” लताबाई म्हणाल्या. “वापरायला परवानगी दिली म्हणजे मालकी दिली नाही. परवानगीला अटी होत्या, अटी मोडल्या की परवानगी गेली. आणि ऐक, लेखक राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावायची सोय आहे कायद्यात. आपण मुंबईला जायचं नाही. त्यांना नाशिकला यायला लावू.”

दावा लागला. कंपनीने उत्तरादाखल उलटा दावा लावला: प्रोग्रॅम आमचा, चोर ही बाई. शिवाय सुनावणी पुरी होईपर्यंत तिने कोड इंटरनेटवरून काढून ठेवावा असा तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. प्रोग्रॅम कुणाचा ते अजून ठरायचंय, तोवर तो उघडा राहिला आणि खरंच गोपनीय निघाला, तर झालेलं नुकसान भरून येणार नाही.

शुभांगीने हुकूम पाळला. पान रिकामं केलं. तिथे इंग्रजीत आणि मराठीत तिने एवढंच लिहिलं, की हे पान न्यायालयाच्या हुकुमाने बंद आहे, आणि खाली तो हुकूम जसाच्या तसा लावला.

तोमाशने ते वाचलं आणि आपल्या सर्व्हरवर कडीकोयंडा ठेवला. मग ब्राझीलमधल्या एका मुलीने ठेवला, केरळमधल्या एका कॉलेजने ठेवला, आणखी कुणीकुणी ठेवला. ज्यांनी पूर्वी तो घेतला होता त्यांच्याकडे प्रती होत्याच. कंपनीने अर्ज केला की बाईने हुकूम मोडला, दुसऱ्यांकडून करवून घेतलं.

“तुम्ही सांगितलंत का त्यांना?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही साहेब,” शुभांगी म्हणाली. “पण २००१ मध्ये मी जगाला परवानगी दिली होती. ती मला परत घेता येत नाही, आणि घ्यायचीही नाही.”

लताबाईंनी टेबलाखालून तिचा पदर ओढला. न्यायाधीशांनी मात्र अर्ज बाजूला ठेवला. हुकूम हिच्यावर आहे, जगावर नाही, असं म्हणून त्यांनी पुढची तारीख दिली.

तारखा पडत राहणार हे शुभांगीला दिसत होतं. पण सैल कडी तारखांसाठी थांबणार नव्हती. तिने लताबाईंना विचारलं, “मला कोड दाखवायला मनाई आहे. बोलायला आहे का?”

“हुकुमात बोलण्याबद्दल काही नाही.”

मग ती बोलायला निघाली. लासलगावला गेली, तिथल्या एका पतसंस्थेच्या मॅनेजरने बाहेर कांद्याच्या लिलावाचा गलका आहे, नंतर या, असं सांगून तिला वाटेला लावलं. ओझरला एकाने विचारलं, तुम्ही कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर विकता? मी काहीच विकत नाही म्हटल्यावर त्याचा संशय आणखीच वाढला. एके ठिकाणी तर अभेद्यचा फोन आधीच पोचला होता. शिपायाने तिला पायरीवरूनच परत पाठवलं.

पिंपळगावला मात्र संतोषने तिला ओळखलं आणि मॅनेजरकडे नेलं. मॅनेजर वयस्कर, सावध गृहस्थ होते.

“दाखवा बरं काय होतं ते,” ते म्हणाले. “मी समोर बसतो. संतोष, तूही थांब.”

“तुमची लेखी परवानगी हवी मला.”

त्यांनी संस्थेच्या कागदावर दोन ओळी लिहून सही केली. शुभांगीने त्यांचंच नाव टाकलं आणि पासवर्डच्या जागी एका अक्षरावर बोट दाबून धरलं. कॉम्प्युटर टुकटुक करत राहिला. मग स्क्रीन काळी झाली, आणि मॅनेजरसाहेबांच्या नावाने सगळी खाती समोर उघडी पडली.

तिने लगेच हात मागे घेतला आणि खुर्ची सोडून उभी राहिली.

“बंद करा तुम्हीच,” ती म्हणाली. “मी काही बघितलेलं नाही.”

मॅनेजरनी स्वतः कॉम्प्युटर बंद केला. संतोष म्हणाला, “आयला! हे तर कुणीबी करील.”

त्या दिवशी मॅनेजरनी संचालकांची बैठक बोलावली. त्यांनी कंपनीला जाब विचारला, आणि आजूबाजूच्या संस्थांनाही फोन गेले. जे शुभांगीला पायरीवरून हाकलत होते, त्यांचेच निरोप यायला लागले.

आणि मग कर्णिक आले. अभेद्यचे तांत्रिक प्रमुख. हायवेवरच्या एका हॉटेलात त्यांनी शुभांगीला आणि लताबाईंना चहाला बोलावलं. गोड माणूस, मराठीही छान.

“शुभांगी, तू हुशार आहेस, हे आम्हाला मान्य आहे,” ते म्हणाले. “मुंबईला ये. आमच्या सुरक्षा विभागात तुला जागा देतो. फक्त एक कागद करायचा, की हे काम तू सुरुवातीपासून आमच्यासाठी केलंस.”

“आणि तोमाशने?”

“तो कुठे आहे, प्रागला ना? तो काय इथे येणारे?”

“आणि कडी सैल आहे हे सगळ्या पतसंस्थांना कोण सांगणार?”

कर्णिकांनी कप खाली ठेवला. “हे बघ, सुरक्षेच्या धंद्यात विश्वास महत्त्वाचा असतो. आम्ही गुपचूप दुरुस्त करतोय. उगाच घबराट कशाला?”

“तुमचा वकील माझ्या क्लासला नोटीस पाठवून मला चोर म्हणतो तेव्हा घबराट होत नाही का?” शुभांगी उठली. “मला तुमच्याकडे जागा नको, साहेब. तुमच्या स्क्रीनवर आमची दोन नावं हवीत. ती येईपर्यंत मी नाशिकच्या कोर्टात भेटत जाईन.”

बाहेर आल्यावर लताबाई म्हणाल्या, “चहा तरी संपवायचास.” आणि मग रिक्षात बसल्यावर, “बरं केलंस.”

महिनाभरात अभेद्यची नवी आवृत्ती सगळीकडे बसली. संतोषने शुभांगीला फोन केला.

“मॅडम, आता अक्षर दाबून धरलं तर उघडत नाय. दुरुस्त झालंय. पण आता लाइन गेली की दुसरंच येतं. इंग्लिशमध्ये.”

“काय येतं? वाच बरं.”

संतोषने अडखळत वाचलं, “लॅच… हॅव… नॉट… क्लोज.”

शुभांगी इतक्या मोठ्याने हसली की वाफ्यात वाकलेले अण्णा सरळ झाले. ज्या कोडला ते आपलं गुपित म्हणत होते, त्याची दुरुस्ती त्यांनी तोमाशच्या सर्व्हरवरून उचलली होती. त्याच्या मोडक्या इंग्रजीसकट.

सुनावणीला कोर्टात गर्दी नव्हती. पतसंस्थेचे मॅनेजर आले होते, क्लासमधल्या दोन जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, आणि मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन सहादू बसले होते. कंपनीचे वकील मुंबईहून आलेले. त्यांनी तासभर बोलून एकच मुद्दा घोळवला: जी वस्तू बाईंनी स्वतःच वाऱ्यावर सोडली, तिच्यावर त्यांचा हक्क कसला?

न्यायाधीशांनी शुभांगीकडे पाहिलं. “हा प्रश्न मलाही आहे. तुम्ही मोबदला मागत नाही. कुणालाही घेऊ देता. मग तुमचं गेलं काय?”

लताबाई उठत होत्या, पण शुभांगी आधीच उभी होती.

“साहेब, मी तो फुकट दिला नाही. मोकळा दिला. फुकट दिलेल्याचं घेणारा काहीही करू शकतो. मोकळं दिलेलं त्याने पुढे मोकळंच ठेवायचं, एवढीच किंमत होती. ती या लोकांनी भरली नाही. त्यांनी तो बंद केला, म्हणून खोट कुणाला दिसली नाही. आमच्याकडे ती एका परक्या माणसाने शोधली आणि दुरुस्त केली, कारण त्याला कोड वाचता येत होता. त्यांच्याकडे ती दोन वर्षं तशीच राहिली आणि लोकांच्या ठेवी उघड्या पडल्या. माझं गेलं काय म्हणता, तर माझं नाव गेलं, आणि वर मलाच चोर ठरवलं.”

कंपनीचे वकील म्हणाले, “हे भाषण झालं. दोन माणसांना सारखी कल्पना सुचू शकते.”

“सुचू शकते,” लताबाई म्हणाल्या. त्यांनी पतसंस्थेच्या मॅनेजरचं प्रतिज्ञापत्र आणि तोमाशने प्रागहून पाठवलेलं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. “जुन्या आवृत्तीत यांना तोच मराठी संदेश सुचला. आपण म्हणू, योगायोग. नव्या आवृत्तीत यांना हा इंग्रजी संदेश सुचला.”

न्यायाधीशांनी तो वाचला. मग कर्णिकांना उभं राहायला सांगितलं.

“हे इंग्रजी बरोबर आहे का?”

“नाही सर.”

“तुमच्या कंपनीत कुणी लिहिलं?”

कर्णिकांनी वकिलांकडे पाहिलं. वकील कागद चाळत होते.

“टीमने, सर.”

“मग प्रागच्या या गृहस्थांनी हीच चूक, हीच अक्षरं, तुमच्या दोन वर्षं आधी कशी केली?”

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. कर्णिक खाली बसले.

तात्पुरता निकाल महिन्याभराने आला. शुभांगीवरची मनाई उठली. दाव्याचा शेवट लागेपर्यंत अभेद्यने दोघा लेखकांची नावं दाखवावीत आणि ज्या संस्थांना सॉफ्टवेअर दिलं त्यांना कोड द्यावा, नाहीतर हा भाग काढून टाकावा, असा हुकूम झाला. ओसाड पडलेलं पान शुभांगीने त्याच संध्याकाळी पुन्हा भरलं.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिथून प्रकरण फिरून पुन्हा नाशिकला आलं. साहेब बदलले, वकील बदलले. क्लासने शुभांगीला परत बोलावलं नाही. तिने मखमलाबादलाच माडीवर आपला वर्ग सुरू केला, आणि पतसंस्थांचे कॉम्प्युटर तपासून द्यायची कामं घेतली. लग्नाची दोन स्थळं कोर्टाचं ऐकून परत गेली. तिसरं गेलं नाही, ते तिने स्वतःच परत पाठवलं, कारण मुलाच्या वडिलांनी दावा मागे घ्यायची अट घातली होती. झुंबरबाईनेच त्यांना चहाचे कप उचलता उचलता सांगितलं, “आमच्या पोरीला अटी कळतात हो. तुमची नाय पटली तिला.”

२००८ मध्ये अभेद्यने तिचा कोड सगळीकडून काढून टाकला, स्वतःचा नवा बसवला आणि तडजोडीचा मसुदा पाठवला. कोर्टाच्या व्हरांड्यात कर्णिकांनी तो स्वतः शुभांगीच्या हातात दिला. त्यांचे केस पांढरे झाले होते.

“उभय पक्षांतील गैरसमजातून हा वाद उद्भवला,” तिने मोठ्याने वाचलं आणि कागद परत केला. “हे वाक्य काढा.”

“अहो, पद्धत असते ती. एक सही करा, दोघंही सुटू.”

“गैरसमज नव्हता, साहेब. नावं चुकून पुसली जात नाहीत. कुणीतरी बसून पुसावी लागतात.”

“मग अजून वर्ष जाईल.”

“जाऊ द्या.”

वर्ष गेलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कंपनीने आपला उलटा दावा विनाअट मागे घेतला. कोर्टात पंखा करकरत होता आणि न्यायाधीशांना पुढच्या प्रकरणाची घाई होती. मग तुमचा दावाही इथेच निकाली काढू, काही हरकत आहे का, त्यांनी विचारलं. लताबाई नाही म्हणणार, तेवढ्यात शुभांगी उठली.

“हरकत नाही, साहेब. पण प्रोग्रॅम कुणी लिहिला, ते हुकुमात लिहिलं जावं.”

कंपनीच्या तरुण वकिलाने खांदे उडवले. न्यायाधीशांनी लघुलेखकाला खूण केली. “लिहून घ्या. लेखक, शुभांगी सहादू मंडलिक, राहणार मखमलाबाद. आणि दुसरे?”

“तोमाश,” ती म्हणाली, “तोमाश व्होझेनिलेक.”

लघुलेखकाने मान वर केली. “कसं?”

शुभांगी पुढे गेली, टेबलाला हात टेकून उभी राहिली आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक अक्षर सांगू लागली.